भीती विचारणाऱ्या मावशी

नोकरी मागायला आलेल्या माणसाला मावशी पहिला प्रश्न विचारायच्या तो असा: "तुला कशाची भीती वाटते?"

शिक्षण, अनुभव, आधीची नोकरी हे सगळं मागाहून. कधीकधी ते राहूनच जायचं. मी त्यांच्या हाताखाली एचआर असिस्टंट म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी हा प्रश्न ऐकून दचकले. नागपूरहून अमेरिकेला येऊन मी याच विषयात मास्टर्स केलं होतं. इंटरव्ह्यूत काय विचारायचं नाही, यावर आम्हाला अख्खा एक कोर्स होता.

"मावशी, असं विचारलं तर उद्या कुणीतरी केस करेल," मी माणूस बाहेर गेल्यावर म्हटलं.

"कोण करंल? जो कशालाच भीत नाही तो," त्या म्हणाल्या. "तसला माणूस माझ्याकडं अजून आला नाही. आला तर मी त्याला घेणार पण नाही."

चँडलर शहराच्या बाहेर, जिथे कापसाची शेतं संपून गोदामं सुरू होतात, तिथे आमचा कारखाना होता. एका लाइनवर फ्रोझन पराठे आणि समोसे, शेजारच्या लाइनवर टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या. मालक टेक्सासात राहायचे, महिन्या-दोन महिन्यांनी एखादी चक्कर टाकायचे. इथला कारभार ग्रेग नावाच्या डायरेक्टरकडे होता. पीठ मळणाऱ्यापासून फ्रीझरमध्ये खोकी रचणाऱ्यापर्यंत बहुतेक सगळी माणसं मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरासकडून आलेली, नाहीतर तिकडच्या आईबापांची इथे जन्मलेली. कंपनीच्या भाषेत हिस्पॅनिक. ही माणसं मिळायची मुश्किलीनं आणि मिळाली तरी टिकायची नाहीत. ती मिळवणं आणि टिकवणं हे मावशींचं काम. त्यांचे कागद नीट तपासणं हे माझं.

मावशी साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, मूळच्या कोल्हापूरच्या. नवऱ्याला कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून या वाळवंटात आलेल्या. मुलगा शाळेत जायला लागल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून याच कारखान्यात समोसे भरायला लागल्या. लाइनवर त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला मेक्सिकन बायका. त्यामुळे मावशींना धड इंग्रजी यायच्या आधी स्पॅनिश आलं. तेही कोल्हापुरी हेल काढून. पुढे नवरा वारला, मुलगा सिअॅटलला गेला आणि मावशी लाइनवरून ऑफिसात आल्या. स्पॅनिशमध्ये मावशीला 'तिया' म्हणतात. मी मावशी म्हणायचे, सगळा कारखाना तिया म्हणायचा. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चेकवर असायचं.

बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन आणि मावशींच्या अंगात गुडघ्यापर्यंतचं जाडजूड थंडीचं जॅकेट, हे दृश्य बघून नवा माणूस हटकून बुचकळ्यात पडायचा. ते जॅकेट फ्रीझरसाठी. दिवसातून कितीदा तरी त्या आत जाऊन यायच्या आणि दरवेळी काढायचं-घालायचं कोण, म्हणून ते अंगावरच. घाम पुसायला खिशात एक नॅपकिन. दुसऱ्या खिशात ठेच्याची छोटी बाटली.

या बाई स्वतः इतक्या भित्र्या होत्या की मला सुरुवातीला ते खरं वाटेना. फ्रीवेवर गाडी घालायच्या नाहीत. वीस मिनिटांचा रस्ता कालव्याच्या कडेकडेनं, शाळांच्या आणि चर्चच्या मागून तासभर रेंगाळत कापायच्या. लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती. दारावरची बेल वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघणार. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढं घाबरता, मग एवढ्या माणसांचं कसं सांभाळता?"

"भित्र्याला भित्रा ओळखतोय की," त्या म्हणाल्या. "माणूस पगारासाठी येतो. जातो भीतीपायी. पगार ग्रेग बघतो, भीती मी बघते."

ग्लोरियाची गोष्ट त्या प्रत्येक नव्या सुपरवायझरला सांगायच्या. ग्लोरिया पराठ्याच्या लाइनवर लागली तेव्हा तिच्या मुलाला दम्याचा त्रास होता. लाइनवर फोन आणायला बंदी, फोन लॉकरमध्ये. मावशींच्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, "शाळेतून फोन येईल आणि मला तो ऐकूच येणार नाही, याची." मावशींनी लाइनच्या शेजारच्या भिंतीवर एक साधा फोन बसवून घेतला. वर लाल दिवा. मशीनच्या आवाजात घंटी ऐकू आली नाही तरी दिवा दिसावा. तो नंबर फक्त शाळांना द्यायचा. फोन बसवल्यावर तो फारसा वाजला नाही. पण ग्लोरिया टिकली आणि पुढे त्याच लाइनची प्रमुख झाली. अशा बायका मावशींनी जमवल्या होत्या, आणि त्या बायका आपापल्या बहिणी, जावा, शेजारणी घेऊन येत.

रामिरोचं वेगळं होतं. तिशीतला, हसरा, उंच गडी. लहानपणी कुणीतरी त्याला बंद ट्रकमधून सीमेपलीकडून आणलं होतं. लहानपणी आणलेल्या मुलांना मिळतो तो कामाचा परवाना त्याच्याकडे होता, दर काही वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागे. फ्रीझरमधल्या कामाला पैसे जास्त, आणि त्याला मुलगी होणार होती, म्हणून त्याला तेच काम हवं होतं.

"कशाची भीती वाटते?" मावशींनी विचारलं.

तो हसला. मग हसू ओसरलं. "बाहेरून लागणाऱ्या दाराची."

"आणि फ्रीझरच मागतोस?"

"मुलीसाठी, तिया."

मावशींनी फ्रीझरच्या दाराला आतून मोठी मूठ बसवायला लावली. मूठ होती आधीही, पण बर्फानं अडकायची. आणि पहिले काही दिवस त्या स्वतः एक स्टूल घेऊन रामिरोबरोबर आत बसल्या. जाड जॅकेट तेव्हापासूनचं. तो खोकी रचायचा, त्या स्टुलावर बसून त्याला कोल्हापुरातल्या तालमींच्या, पैलवानांच्या गोष्टी स्पॅनिशमधून सांगायच्या. दार लागलं की त्याचा श्वास चढायचा. मावशी उठायच्या, मूठ ओढायच्या, दार उघडून दाखवायच्या, पुन्हा लावायच्या. असं करता करता एके दिवशी तो म्हणाला, "तिया, आता तुम्ही जा. सर्दी होईल." स्टूल मात्र त्यानं आतच ठेवून घेतलं.

माणसं शोधायला मावशी वेबसाइटवर जाहिराती देत नसत. रविवारी दुपारी बागेत फुटबॉल खेळायला माणसं जमत, तिथे त्या थालीपिठांचा डबा घेऊन जाऊन बसत. मी बरोबर. खेळ संपला की घामेजलेली माणसं डब्याभोवती येत आणि मावशी कामाबद्दल बोलायला लागत. ते बोलणं ऐकून मला वाटायचं, या बाईला माणसं मिळवायची आहेत की पळवायची?

"काम थंडीचं आहे," त्या सांगायच्या. "पाय दुखतात. दुपारच्या पाळीचा सुपरवायझर ओरडतो, त्याला मी समजावतेय, अजून समजलं नाही. पीठ नाकात जातं. येणार असशील तर सोमवारी ये."

"मावशी, थोडं चांगलं पण सांगा ना," मी गाडीत म्हटलं.

"वाईट आधी सांगायचं. चांगलं त्यांचं त्यांना कळतंय. वाईट त्यांना मागनं कळलं, की ते माझं काहीच खरं मानायचे नाहीत."

आणि कुणी राजीनामा दिला की त्या त्याच्या घरी जायच्या. परत बोलवायला नव्हे. नुसत्या बसायच्या, चहा घ्यायच्या, नाही तर त्यांच्याकडचं ते तांदळाचं गोड, थंडगार सरबत. खरं कारण तिसऱ्या-चौथ्या वाक्याला यायचंच. कुणाची जाऊ सुपरवायझर झाली म्हणून, कुणाला बसस्टॉपवर एक माणूस रोज त्रास देतो म्हणून. त्यातले कितीतरी परत आले. ग्रेगला हे सगळं वेळेचा अपव्यय वाटायचा, पण माणसं टिकत होती, त्यामुळे तो गप्प होता.

दीडेक वर्षापूर्वी मालकांनी डॅलसहून एक सल्लागार बाई पाठवल्या. हिस्पॅनिक कर्मचारी कसे मिळवावेत आणि टिकवावेत, यावर त्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये दोन दिवस प्रेझेंटेशन केलं. बाई मनानं चांगल्या होत्या, बरंचसं पटण्यासारखंही बोलल्या. मावशी पुढच्या रांगेत बसून ऐकत होत्या. स्पॅनिशमधून ट्रेनिंग, बढतीची वाट मोकळी ठेवणं, हे मावशींना इतकं आवडलं की त्यांनी बाईंना ठेचा खायला दिला. शेवटी बाईंनी सुचवलं, की तुमच्याच कामगारांचे हसरे फोटो, खाली नावं आणि गावं, असं वेबसाइटवर आणि दर्शनी भिंतीवर लावा. आपल्यासारखी माणसं इथे आहेत हे दिसलं की नवी माणसं येतात.

फोटोग्राफर आला. सगळ्यांनी हौसेनं फोटो काढून घेतले. ग्लोरियानं लिपस्टिक लावली. रामिरोचा फोटो तर इतका छान आला की तो वेबसाइटच्या पहिल्या पानावर गेला. फ्रीझरचं उघडं दार, डोक्यावर लोकरी टोपी, हातात पराठ्यांचं खोकं, आणि वर स्पॅनिशमध्ये, 'या, आमच्यासोबत काम करा'. त्यानं तो मोठा करून घरी लावला, असं त्याची बायको एलेना मला सांगत होती.

मग वारं फिरलं. टीव्हीवर, फोनवर, दुकानाच्या रांगेत एकच विषय, इमिग्रेशनवाल्यांची धरपकड. कुणाच्या भावाला बांधकामावरून नेलं, कुणाला कोर्टाच्या दारातून. मास्क घातलेली माणसं, नाव नसलेल्या गाड्या. आमच्या कारखान्यासमोर टायरचं दुकान होतं. त्याच्या सावलीत एक पांढरी व्हॅन उभी राहायला लागली. ती कुणाची हे कुणालाच कळलं नाही. कदाचित टायरवाल्याचीच असेल. पण ती उभी असली की जेवणाच्या सुट्टीत कुणी बाहेर येत नसे. मागच्या अंगणात भिंतीला टेकून सगळे उभ्याउभ्या जेवत.

एका सकाळी पराठ्याची लाइन अर्धी रिकामी होती. मी फोन लावत सुटले. कुणी उचलेना. ज्यांनी उचलला ते म्हणाले, ताप आहे, मुलाला बरं नाही. या सगळ्यांचे कागद मी स्वतः तपासले होते. त्यांना घाबरायचं कारण नव्हतं, असं मी ग्रेगला म्हणाले. तो म्हणाला, "मग ते येत का नाहीत?" माझेही कागद चोख होते, आणि मी पर्समध्ये पासपोर्ट घेतल्याशिवाय दूध आणायलाही जात नव्हते. नागपूरहून आई रोज फोनवर विचारायची, "तिकडे ठीक आहे ना गं? जास्त फिरू नकोस." मी म्हणायचे, "सगळं ठीक आहे."

मावशींनी त्या दिवशी भिंतीवरचे फोटो उतरवले. पीठ खरवडायचं पातं घेतलं आणि एकेक फोटो फ्रेमसकट उचकटून काढला. ग्रेग धावत आला.

"हे काय चाललंय? एवढा खर्च केलाय आपण."

"नावं आहेत खाली," मावशी म्हणाल्या. "गावं आहेत. ज्याला पायजे त्यानं यावं, बघावं, शोधावं. वेबसाइटवरचे पण काढ."

"ते मालकांना विचारावं लागेल."

"मग विचार."

त्यानं विचारलं असेल, नसेल. वेबसाइट तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मावशी माणसांना घरून आणायला लागल्या. त्यांच्या जुन्या मिनीव्हॅनमध्ये, त्यांच्या त्या कालव्याकडेच्या चोरवाटांनी. पहाटे निघायचं, तीन-चार घरं घ्यायची, कारखान्याच्या मागच्या दाराशी सोडायचं, परत फिरायचं. मी शेजारी बसायचे, कारण एकटीनं जायला त्यांना भीती वाटायची. माणसं गाडीत चढताना आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायची. रेडिओ बंद. आरशात मागच्या गाडीचे दिवे दिसले की मावशी वेग कमी करायच्या आणि ती गाडी पुढे निघून जाऊ द्यायच्या.

"मावशी, तुमचा पासपोर्ट बरोबर ठेवा," मी त्यांना सांगितलं होतं.

"मी कशाला? मी सिटिझन आहे. एवढी वर्षं झाली." आणि मग, जरा थांबून, "बरोबर ठेवला, तर मलाच वाटायला लागंल की मी कोणीतरी दुसरी आहे."

तो दिवस गुरुवार होता. गाडीत मागे ग्लोरिया आणि रामिरो. उजाडत होतं, कालव्याच्या पाण्यावर अजून काळोख होता. चर्चच्या मागच्या वळणावर समोरून एक काळी गाडी आली आणि आडवी उभी राहिली. मी मागे वळून बघितलं तर मागेही एक. मावशींनी ब्रेक दाबला. आम्ही सगळे एका झटक्यात पुढे झालो आणि मग काहीच हललं नाही.

माणसं उतरली. तोंडावर मास्क, छातीवर बुलेटप्रूफ जॅकेट, कमरेला पिस्तुलं. एकानं मावशींच्या काचेवर बोटांनी टकटक केलं. मावशींचे हात स्टिअरिंगवर होते, ते सुटेनात. मीच हात लांब करून त्यांच्या बाजूची काच खाली केली.

"तुमचा जन्म कुठे झाला?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

मावशींनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग आला तो स्पॅनिशमध्ये. "तेंगो मिएदो," त्या म्हणाल्या. मला भीती वाटतेय. पुन्हा तेच, "तेंगो मिएदो." ज्या भाषेत त्या इतकी वर्षं दुसऱ्यांना भीती विचारत आल्या, तीच त्यांच्या जिभेवर आली. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं होतं. मराठीसुद्धा.

"खाली उतरा," तो म्हणाला.

"त्या अमेरिकन सिटिझन आहेत," मी म्हणाले. "त्या भारतातून आल्यात. माझ्या बॉस आहेत. त्यांना इंग्रजी येतं, त्या घाबरल्यात."

"तू कोण?"

मी पासपोर्ट दिला. त्यानं पानं उलटली, व्हिसावर बोट फिरवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, परत पानाकडे. मला वाटलं, आत्ता हा तो खिशात घालेल. त्यानं परत दिला. "मागे सरक," म्हणाला.

ग्लोरियानं तिचं ग्रीन कार्ड दोन्ही हातांनी काचेला लावून धरलं होतं. तिचे ओठ हलत होते, ती प्रार्थना म्हणत होती. रामिरोनं खिशातून परवान्याचं कार्ड काढून दिलं. ते कार्ड त्यांनी बघितलं आणि परत दिलं नाही. त्याला उतरवलं, हात मागे घेतले. तो विरोध करत नव्हता. फक्त म्हणत होता, "माझ्या बायकोला सांगा. माझ्या बायकोला सांगा."

मावशींचं ड्रायव्हिंग लायसन्स त्यांनी उलटसुलट करून बघितलं. लायसन्सवरून माणूस कुठला हे कळत नाही, असं त्यातला एक म्हणाला. मग मावशींनाही नेलं. काळ्या गाडीचं मागचं दार लागताना मला मावशींचं जॅकेट दारात अडकलेलं दिसलं. एकानं दार पुन्हा उघडलं, जॅकेट आत ढकललं, आणि दार लावलं. गाड्या गेल्या. मिनीव्हॅनचं इंजिन चालूच होतं.

ग्लोरिया पुढे येऊन स्टिअरिंगवर बसली. तिनं गाडी मावशींच्या घराकडे वळवली. मी त्यांच्या मुलाला फोन लावला. तो इथेच वाढलेला, मला इंग्रजीतच म्हणाला, "इज शी ओके? जस्ट टेल मी शी इज ओके." मी म्हणाले, "आय डोन्ट नो." त्यानं गॅरेजचं दार उघडायचा कोड नंबर सांगितला. पासपोर्ट देवघरात अंबाबाईच्या तसबिरीमागे होता. तो घेऊन आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, एका बिनखिडक्यांच्या इमारतीपाशी. आतल्या माणसानं पासपोर्ट घेतला आणि बाहेर थांबायला सांगितलं. सावली नव्हती. शेजारी आणखी माणसं उभी होती, सगळ्यांच्या हातात कुणाचे ना कुणाचे कागद. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. वकिलाला फोन, मुलाचे फोन, ग्रेगचे फोन. दुपार झाली. उन्हानं ग्लोरियाला चक्कर आली, तिला मी गाडीत बसवलं. पासपोर्ट गेला तोही परत येतो की नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

ऊन कलल्यावर मावशी बाहेर आल्या. जॅकेट हातावर. चालताना पाय घासत होते. मी पुढे जाऊन त्यांना धरलं.

"त्यांनी पाणी दिलं मला," त्या म्हणाल्या. मराठीत. "वाईट नाही वागले. एकजण म्हणाला, सॉरी, मॅम."

"घरी चला, मावशी."

त्या हलल्या नाहीत. इमारतीकडे बघत राहिल्या. "रामिरो आत आहे. मी बघितलं त्याला. दार बाहेरनं लागतंय, पोरी. आतनं मूठ नाही."

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या आल्या. ग्लोरियानं गाडी चालवली, मावशी मागे बसल्या. कारखान्यात आल्या आल्या ऑफिसात न येता फ्रीझरमध्ये गेल्या. बराच वेळ झाला म्हणून मी बघायला गेले तर रामिरोच्या स्टुलावर बसल्या होत्या, दार सताड उघडं ठेवून. थंड धूर बाहेर पॅसेजमध्ये येत होता. कुणी त्यांना दार लावा म्हणालं नाही.

त्या आठवड्यात निम्म्याहून अधिक माणसं फिरकली नाहीत. काहींनी कायमचंच सोडलं. मावशींनाच पकडून नेलं म्हटल्यावर कुणाच्या कागदांवर कुणाचा विश्वास उरणार? ग्रेगनं माणसं पुरवणाऱ्या एजन्सीशी बोलणी सुरू केली. त्यानं फ्रीझरमधली रामिरोची जागा भरायला सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "तो रजेवर आहे."

"तो रजेवर नाहीये," ग्रेग हळू आवाजात म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "तुम्हाला माहितीये तो कुठे आहे."

"वेबसाइटवर बघ," मावशी म्हणाल्या. "तिथं तो कामावर आहे. हसतोय."

फोटो त्या संध्याकाळी वेबसाइटवरून गेला. ग्रेगनं स्वतः काढायला लावला.

रामिरोला दक्षिणेकडे, वाळवंटातल्या एका केंद्रात हलवलं होतं. तिथे जायचं तर फ्रीवेशिवाय रस्ता नाही. मी गाडी चालवली. मावशी डोळे गच्च मिटून, हात छातीशी धरून बसल्या आणि जाईपर्यंत काहीतरी पुटपुटत राहिल्या. एलेना मागे होती, मांडीवर तिची मुलगी. एलेना टूसॉनची, इथेच जन्मलेली, तिला कशाचीही भीती नसायला हवी होती. ट्रक शेजारून गेला की ती मुलीच्या डोक्यावर हात ठेवायची.

काचेपलीकडे रामिरो बारीक दिसत होता. दाढी वाढलेली. तो एलेनाशी बोलला, मुलीला काचेवरून बोटं दाखवली. मग एलेनानं काचेजवळचा फोन मावशींकडे दिला.

"तिया, इथे रात्री दिवा बंद करत नाहीत," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण दार लागल्याचा आवाज येतो ना, तो रोज नवा वाटतो."

"वकील म्हणतोय, केस चांगली आहे. थोडे महिने लागतील. दम धर."

"हो, तिया."

मावशींनी त्याला पुन्हा एका पैलवानाची गोष्ट सांगायला घेतली. अर्ध्यात वेळ संपली. फोन तुटला तरी त्या काचेकडे बघून बोलत होत्या, आणि तो मान हलवत होता.

त्यानं दम धरला नाही. काही आठवड्यांनी त्यानं स्वतःहून देश सोडून जायला तयार असल्याची सही केली. तो केस जिंकला असता, असं वकील नंतरही म्हणत होता. त्याला मेक्सिकोत, हर्मोसिल्योला पाठवलं. जिथून तो लहानपणी आला होता, तिथे आता त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्याचा पहिला व्हिडिओ फोन मावशींना आला तेव्हा मी शेजारी होते. तो एका गच्चीवर उभा होता, मागे नुसतं आभाळ. "इथे रात्री मी बाहेरच झोपतो," तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "बरं करतोस." एवढंच. फोन ठेवल्यावर त्या बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिल्या.

त्यानंतर मावशींनी इंटरव्ह्यूत तो प्रश्न विचारणं सोडलं. समोरच्या माणसाशेजारी खुर्ची घेऊन बसायच्या, नाव विचारायच्या, त्यांच्या रीतीप्रमाणे असलेली बापाकडची-आईकडची दोन्ही आडनावं नीट म्हणून दाखवायच्या आणि गप्प बसायच्या. मलाच पुढचं विचारावं लागे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "विचारल्यावर काहीतरी करावं लागतंय, पोरी. करण्यासारखं असलं तर विचारावं."

मी आता दूर क्युपर्टिनो शहरात एका दुसऱ्या कंपनीत आहे. चँडलर सोडण्याच्या आदल्या आठवड्यात एलेना ऑफिसात आली होती, मुलीला आईकडे ठेवून. नोकरी मागायला. घर चालवायचं होतं, आणि रामिरोकडे जायचं की इथेच राहायचं हे तिचं ठरत नव्हतं. मावशी तिच्याशेजारी बसल्या.

"कोणतं काम करशील?"

"कुठलंही."

मग एलेनानंच विचारलं, "तिया, ते लोक इथे येतील का? आत?"

मी मावशींकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी त्या काहीतरी धीराचं बोलतील.

"येतील," मावशी म्हणाल्या. "आले तर मी त्यांना अडवू शकणार नाही. मला बोलता पण यायचं नाही, तू ऐकलंच असशील."

"ऐकलंय."

"मग कशाला येतेस इथं?"

"घरी एकटीला खूप भीती वाटते," एलेना म्हणाली. "इथे निदान सगळ्यांनाच वाटत असेल."

मावशींनी तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार धाडकन लागलं. पॅसेजमध्ये पावलं वाजली, दोघांची, जड बुटांची. ती ऑफिसच्या दाराशी आली, थबकली. दाराच्या जाड काचेमागे सावल्या दिसल्या. कुणीतरी कागद चाळल्याचा आवाज झाला. मग पावलं पुढे निघाली आणि एकानं हाक मारून विचारलं, पीठ कुठे उतरवायचं.

"मागच्या दारानं," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. इंग्रजीत, अगदी स्वच्छ आवाजात. एलेनाचा हात त्यांनी सोडला नव्हता. त्यांची बोटं पांढरी पडली होती.